न विचारता लिहिलेले आकडे

पोटाच्या ऑपरेशननंतर दुखणं कमी करणारं मॉर्फिन कोणत्या पद्धतीनं दिलेलं बरं, हे आमच्या यवतमाळच्या दवाखान्यात पाहणं चालू होतं. काही पेशंटांना पंप लावायचा. दुखलं की त्यांनी स्वतः बटण दाबायचं. ठरल्यापेक्षा जास्त औषध पंप देतच नाही. बाकीच्यांना, त्यांनी मागितलं की नर्सनं इंजेक्शन द्यायचं. सगळ्यांनाच दर दोन तासांनी विचारायचं, दुखणं दहापैकी किती? ते विचारून लिहायचं काम माझं, वॉर्डातल्या नर्सचं होतं.

खिडकीजवळच्या किसनरावांना पंप होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मुलाला धरून व्हरांड्यापर्यंत चालून आले.

भुरीबाई घाटंजीकडच्या तांड्यावरची. पोटातली मोठी गाठ काढलेली, वाटणीला इंजेक्शन आलेलं. ती डोळे मिटून गप्प पडलेली असायची. अकरा वाजता मी विचारलं, तर म्हणाली, "राहू दे, बाई." मी तीन लिहिले. एक वाजता दोन नवे पेशंट आले होते. मी दारातूनच तिच्याकडे पाहिलं आणि दोन लिहिले. तीन वाजताही दोनच.

चार वाजता तिची सून पुष्पा आणि मी चादर बदलायला गेलो. भुरीबाईच्या तोंडात पदराचा बोळा होता, दातांनी चावून भिजलेला. तळहातांवर नखं रुतल्याच्या खुणा होत्या.

"आजी, इतकं दुखते तं सांगितलं काहून नाही?" मी विचारलं.

तिनं बोळा काढला. "सुई मागा लागते, हे मले मालूम नोतं. तू येऊन पाहून जात होती. मले वाटलं, द्याची असन तं देशीन."

समजावून सांगितलं होतं मीच. पण घाईत, आणि तिला नाही, तिच्या मुलाला.

मी इंजेक्शन दिलं आणि, मॉर्फिननं श्वास मंदावू शकतो म्हणून, तिचे श्वास मोजत शेजारी बसले. हळूहळू तिच्या कपाळाच्या आठ्या सुटल्या. तिला झोप लागल्यावर कागद घेऊन भूल देणाऱ्या मॅडमकडे गेले; ही पाहणी त्यांचीच होती.

"अकराचा आकडा माझ्या मनाचा आहे. एकचा आणि तीनचाही. मी तिला नीट विचारलंच नाही."

मॅडमनी कागद हातात घेतला. "म्हणजे प्रेरणा, हिला काही त्रासच नव्हता असं आपण मांडलं असतं." त्यांनी तिन्ही आकडे खोडले, बाजूला 'विचारले नाही' असं लिहिलं आणि माझी सही घेतली. त्या दिवसापासून पेशंटनं मागायची वाट न बघता आम्हीच 'इंजेक्शन हवं का?' असं विचारायचं, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी भुरीबाईला सगळं खरं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"मंग आता विचार," ती म्हणाली.

"किती दुखते, आजी?"

"सहा."

आठव्या दिवशी ती घरी गेली. जाताना पुष्पाला म्हणाली, "या पोरीनं मले चांगलं पाह्यलं." मी औषधाच्या ट्रेमध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले.