कॅप्टन वाकला नाही

उद्धवराव गुरुजींची शाळा सुटली, पण पोरं काही सुटली नाहीत. निवृत्तीनंतर भीमपूरच्या फुटबॉल टीमचे ते मॅनेजर झाले. दर एकादशीला कीर्तनात टाळ धरून उभा राहणारा हा भाविक माणूस. त्यांना वाटे, मनं जुळली की गोल आपोआप होतो.

आणि टीममध्ये न जुळणारा एकच, हर्षदीप. पायात वीज, पण स्वभावानं हेकट. सगळे आत कपडे बदलणार, तर हा बाहेर टेम्पोच्या आडोशाला. सगळे कॅनचं पाणी पिणार, तर ह्याची बाटली वेगळी. चेंडू मिळाला की कुणाला म्हणून द्यायचा नाही, एकट्यानंच पळत सुटायचं. कॅप्टन भारत हा गुरुजींच्या बहिणीचा मुलगा, शांत नि नम्र. तो फार तर म्हणायचा, मामा, त्याचं जरा पाहा.

आज भैंसा गावी फायनल होती. हर्षदीप नमला तर ठीक, नाहीतर त्याला बसवायचं, मग कप गेला तरी बेहत्तर, असं गुरुजींनी वाटेतच ठरवून टाकलं होतं.

मैदानाशेजारच्या बंद पडलेल्या कापूस-जिनिंगच्या गोदामात टीम उतरली होती. गुरुजींनी हर्षदीपला हाताला धरून आत आणलं आणि सगळ्यांना गोल उभं केलं. कीर्तन संपलं की लहानमोठा, जातपात न बघता जो तो एकमेकांच्या पाया पडतो, कारण समोरच्यात देव उभा असतो, हे त्यांनी जीव ओतून सांगितलं. आज आपणही तसंच करायचं. जे काही भांडण असेल ते पायाशी ठेवायचं.

"हर्षदीप, तुझ्यापासून. भारतच्या पाया पड."

हर्षदीपनं त्यांच्याकडे पाहिलं. "सर, आमी कोणाच्या पाया पडत नसतो," तो हळूच म्हणाला. "पण तुमी म्हणता म्हणून." आणि तो वाकला.

जिंकलो, असं गुरुजींना वाटलं. आता भारतची वेळ होती. भारत खाली बसून बुटाची नाडी बांधत राहिला. गुरुजींनी पुन्हा हाक मारली.

"मामा, दुसरं काईबी सांगा. बाकीच्यायच्या पडतो. त्याच्या नायी. माईनं आयकलं त मले ओसरीवर चढू देनार नायी."

गुरुजी हबकले. त्यांनी बाकीच्या पोरांकडे पाहिलं. कुणीच दचकलं नव्हतं. सगळे मान खाली घालून उभे होते.

गोलकीपर राजकुमारनं विचारलं, "सर, तुमाले खरंच मालूम नव्हतं?"

मग त्यानंच सांगितलं. हर्षदीप टीममध्ये नवा असताना कॅनवरच्या ग्लासनं पाणी प्यायला होता. तो ग्लास त्याच दिवशी फेकला गेला. तेव्हापासून बाटली. कपड्याला कपडा लागू नये म्हणून टेम्पोचा आडोसा. आणि त्याला पास कुणी देत नाही, मग मिळालेला चेंडू तो सोडेल काऊन?

ग्लास हरवला समजून नवा ग्लास गुरुजींनीच आणून ठेवला होता. त्यांची बहीण, भारतची आई, कीर्तनात पहिल्या रांगेत बसून डोळे पुसायची.

"कॅप्टनचा पट्टा दे," ते भारतला म्हणाले.

भारतनं हसून दोन पोरांकडे बोट दाखवलं. "मामा, मी बसलो त हे दोघंबी बसतीन. आठ जनांत फायनल खेळसान का?"

दोघं खरंच त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले. राखीव कुणी नव्हतं. पट्ट्यासाठी पुढे केलेला हात गुरुजींनी तसाच ठेवला. भारतनं दंडावरचा पट्टा काढून जमिनीवर टाकला. गुरुजींनी तो उचलला, झटकला आणि हर्षदीपपुढे धरला.

"राजकुमारले द्या, सर," हर्षदीप म्हणाला. "मले पास पाह्यजे, बस."

पट्टा राजकुमारच्या दंडावर बांधला गेला आणि आठ जण मैदानात उतरले. पंचानं विचारलं, एवढेच का? गुरुजींनी मान डोलावली.

शिट्टी झाली. चेंडू मधल्या फळीतल्या वैभवच्या पायात आला. डाव्या बाजूनं हर्षदीप हात वर करून पळत होता. वैभव अडखळला, त्यानं गोदामाच्या दारात उभ्या भारतकडे एकदा पाहिलं आणि चेंडू हर्षदीपकडे दिला.

गुरुजी कडेच्या बांबूला धरून उभे होते. तो हात प्रत्येक मॅचमध्ये असाच वर व्हायचा. त्यांनी तो कितीदा तरी पाहिला होता, आणि पोरगं हुज्जत घालून राह्यलं, असंच त्यांना वाटत आलं होतं.