दुसरा साक्षीदार

नकाशेसाहेबांनी बर्फाच्या वखारीचा चौकोन तिसऱ्यांदा खोडला, रबराचा चुरा तळहाताने टेबलाच्या कडेला लोटला आणि विचारलं, "आता एकदाच काय ते सांगा. सायकलवाल्याच्या अलीकडे की पलीकडे?"

थोरल्या जाऊबाई म्हणाल्या अलीकडे. धाकट्या म्हणाल्या पलीकडे. दोघी चाळीस वर्षं एका घरात नांदल्या होत्या आणि एवढ्या काळात घड्याळात किती वाजले यावरसुद्धा त्यांचं कधी एकमत झालं नव्हतं. शेवटी निवृत्त पोस्टमननी चष्मा कपाळावर चढवला, डोळे मिटले, मनातल्या मनात तो रस्ता चालून पाहिला आणि अलीकडेच, असा निकाल दिला. वखारीचं दार कसलं होतं, असं साहेबांनी विचारलं. निळं, पत्र्याचं, खालून गंजलेलं. साहेबांनी खिशातली छोटी वही कुणाला दिसणार नाही अशी उघडून पाहिली, मान डोलावली आणि चौकोन शाईने पक्का केला. थोरल्या जाऊबाईंनी धाकटीकडे असं पाहिलं की जणू वखार त्यांच्या माहेरची होती.

ही मंडळी दर गुरुवारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमत. खोली म्हणजे मोडक्या खुर्च्या आणि जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवायची जागा. नकाशेसाहेबांनी भूमापन कार्यालयात चौतीस वर्षं आरेखकाचं काम केलं होतं. तोंडावर सगळे त्यांना साहेब म्हणत, माघारी फूटपट्टी. हे त्यांना माहीत होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती. तीन वर्षांपूर्वी, बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी, त्यांनी खालच्या फलकावर चिठ्ठी लावली होती: जुन्या आठवणी असलेल्या निवृत्त मंडळींनी यावे. पहिल्या दिवशी अकराजण आले. आता चौघे उरले होते. काम एकच होतं. ज्या वर्षी नदीवरचा पूल झाला त्या वर्षी मोठा रस्ता कसा होता, दुकानाला दुकान लावून, त्याचा नकाशा काढायचा.

नियम त्यांचाच. पहिल्याच महिन्यात एका निवृत्त कंत्राटदाराने आपल्या काकाचा छापखाना दुमजली करून दिला होता आणि वर तो उचलून कोपऱ्यावर आणून ठेवला होता. तेव्हापासून ठरलं की दोन साक्षीदार मिळाल्याशिवाय शाई नाही. एका घरचे दोघे चालणार नाहीत. पहिल्याने सांगितलेली एखादी खूण साहेब वहीत टिपून ठेवणार आणि दुसऱ्याला तीच विचारणार. जुळली तर शाई, नाहीतर पेन्सिल. कंत्राटदार रागावून यायचे बंद झाले. नियम राहिला.

पुढच्या शुक्रवारी चौकटवाला नकाशा न्यायला येणार होता. वाचनालयाच्या दालनात तो कायमचा लागणार होता. म्हणजे हातात आता एकच गुरुवार. त्या दिवशी पेन्सिलीत जे उरेल ते सगळं खोडायचं, असंही साहेबांनीच ठरवून दिलं होतं. तीन चौकोन उरले होते. त्यातला एक घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या डोक्यावर, तुटक रेघांनी काढलेला. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: टायपिंगचे वर्ग, पहिला मजला. पहिला साक्षीदार स्वतः साहेब. दुसरा तीन वर्षांत मिळाला नव्हता.

तो वर्ग त्यांच्या बायकोचा होता. ती अजून बायको झाली नव्हती तेव्हाचा. दोन यंत्रं, एक खिडकी, चौदा महिने. मग यंत्रांचा मालक यंत्रं घेऊन गेला आणि वर्ग मिटला. आरेखकाला टायपिंगची काय गरज, असं कार्यालयात सगळ्यांनी विचारलं होतं. साहेबांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. आणि आता ते सांगणार होते तर ऐकून हो म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. आपली बायको होती म्हणून कुणी भिडेखातर हो म्हणेल, या भीतीने त्यांनी मंडळाला तेही सांगितलं नव्हतं. त्यांना खरा साक्षीदार हवा होता. जगात आणखी एखाद्या माणसाने तिला त्या खिडकीत बसलेलं पाहिलेलं असावं, एवढंच.

वखार आटोपल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, घड्याळवाल्याच्या वर काही होतं का हो?

"वर कोण होतं?" पोस्टमन म्हणाले. "साहेब, त्या रस्त्याचं टपाल मी नऊ वर्षं वाटलं. घड्याळवाल्याच्या वर मी एकदाही चढलो नाही. तिथं काही नव्हतं."

पोस्टमनचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तीन वर्षांत त्यांची एकही खूण चुकली नव्हती. साहेबांनी बरं म्हटलं आणि दुसरा कागद उगाचच सरळ केला. वर्गाला पत्र कोण कशाला लिहिणार होतं, हे त्यांना सांगता आलं असतं. पण ते साक्षीदाराशी वाद घालणं झालं असतं.

खोलीच्या टोकाला सिस्टर पेन्सिलींना टोक काढत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला आणि पुन्हा सुरू झाला. सिस्टर म्हणजे सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. बदली होऊन त्या इथे आल्या, तेव्हा पूल होऊन आठ वर्षं झाली होती. म्हणजे या नकाशातल्या एकाही चौकोनाला त्या साक्षीदार होऊ शकत नव्हत्या. तरी पहिल्या गुरुवारपासून त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता. थर्मासमधून चहा आणत, पेला विसळत, टोकं काढत. धाकट्या जाऊबाईंनी एकदा विचारलंही होतं, तुम्हाला यातलं काय कळतं हो? सिस्टर हसल्या होत्या. घरी भिंतींशी किती बोलणार, असं म्हणाल्या होत्या.

तो आठवडा साहेबांना लांब गेला. रविवारी मुलीचा फोन आला. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, हे झालं. आईच्या टायपिंगच्या वर्गाबद्दल तुला काही आठवतं का, असं त्यांनी विचारलं आणि विचारता विचारताच आपला मूर्खपणा त्यांच्या लक्षात आला. मुलीचा जन्म त्यानंतर सहा वर्षांनी. बुधवारी संध्याकाळी त्यांनी रिवाजाप्रमाणे वर्तमानपत्राचा एक रकाना मोठ्याने वाचला. चार दिवस वापरला नाही की आवाज फाटका निघतो, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. एकट्या माणसाला अशा गोष्टी कुणी शिकवत नाही, त्या आपोआप येतात.

गुरुवारी ते साडेतीनला पोहोचले. सिस्टर आधीच येऊन बसल्या होत्या. आज पेन्सिली बाहेर काढलेल्या नव्हत्या. त्या टेबलापाशी, साक्षीदाराच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"त्या टायपिंगच्या वर्गाची साक्ष द्यायची आहे मला," त्या म्हणाल्या.

साहेबांनी छत्री कोपऱ्यात टेकवली. ती पडली, पुन्हा टेकवली. सिस्टरना इथे येऊन किती वर्षं झाली हे दोघांनाही माहीत होतं. तुम्ही तेव्हा इथे नव्हता, असं म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. नियमाचा माणूस तसंच म्हणाला असता. साहेबांनी खुर्ची ओढली आणि वही काढली.

सिस्टर बोलू लागल्या. रुग्णाचा तक्ता वाचावा तशा, न थांबता, न सजवता. दोन यंत्रं होती. खिडकीजवळच्या यंत्राचं एक बटण अडकायचं, ते नखाने वर काढावं लागायचं. पुठ्ठ्याची पाटी दोरीने टांगलेली असायची आणि वाऱ्याने उलटी फिरायची, मग खालून नुसता कोरा पुठ्ठा दिसायचा. शिकवणाऱ्या बाई विद्यार्थ्यांच्या हातांवर टॉवेल टाकायच्या, म्हणजे बटणांकडे बघता येऊ नये. एक विद्यार्थी असा होता की त्याला टॉवेलाखाली काहीच धड जमायचं नाही. त्याच्या कागदावर बाईंनी एकदा लाल शाईने लिहिलं होतं, वेग बरा, दिशा चुकली.

साहेब खाली मान घालून ऐकत होते. शब्द त्यांचेच होते. कोरा पुठ्ठा त्यांचा, नखाने वर काढणं त्यांचं. केव्हातरी चार वाजायच्या आधी, बाकीचे यायचे असताना, कागद पसरता पसरता ते हे बोलले असतील. एकेक तुकडा, त्या बाई असं म्हणून, हवेत सोडून दिल्यासारखं. आपण ते मनाशी पुटपुटतो आहोत असंच त्यांना वाटत होतं. तीन वर्षं हे सगळं कुणीतरी उचलून, पुसून, क्रमाने लावून ठेवत होतं.

पण वही उघडी होती. पहिल्याच दिवशी, चौकोन काढला त्याच दिवशी, त्यांनी खूण लिहून ठेवली होती. ती कधी कुणाला विचारायची वेळच आली नव्हती.

"वर जायचा जिना लाकडी होता," ते म्हणाले. "त्याची एक पायरी वाजायची. कितवी?"

सिस्टरनी विचार केला. अंदाजाने एखादा आकडा सांगता आला असता. पायऱ्या काही शंभर नव्हत्या. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

खालच्या वाचनदालनात कुणीतरी खुर्ची सरकवली. साहेबांनी वही मिटली.

"पाचवी," ते म्हणाले. "मी मुद्दाम तिच्यावर दोनदा पाय द्यायचो. मग वरून ती म्हणायची, आलात का. बघायची नाही. यंत्राकडे बघतच म्हणायची." ते थांबले. "लग्नानंतरसुद्धा, पुढे कितीतरी वर्षं, मी दार लोटलं की तेच. आलात का."

सिस्टरनी थर्मासचं झाकण उघडून चहा ओतला आणि पेला त्यांच्यापुढे सरकवला.

चार वाजता पोस्टमन आले, पाठोपाठ दोघी जावा आल्या. एका चौकोनाला आयत्या वेळी साक्षीदार मिळाला. चक्क दोघी जावांचं एकमत झालं, पण एका घरच्या दोघी म्हणून पोस्टमनना हो म्हणावं लागलं. दुसरा कुणालाच आठवेना, तो खोडला. मग साहेबांनी घड्याळवाल्याच्या डोक्यावरच्या तुटक रेघांवर रबर ठेवला. सिस्टर खिडकीबाहेर बघू लागल्या. साहेबांनी एकाच दिशेने, कागद चुरगळणार नाही अशा बेताने, चौतीस वर्षांच्या सवयीने रबर फिरवला. हात थरथरला नाही याचंच त्यांना वाईट वाटलं. मग त्यांनी फुंकर मारली आणि तिथे पांढरा कागद उरला.

नकाशा छान झाला, असं सगळे म्हणाले. थोरल्या जाऊबाईंनी बर्फाच्या वखारीवर बोट ठेवून पाहिलं. पोस्टमन म्हणाले, आता गुडघ्यांना जरा विश्रांती देतो, हा जिना काही कमी नाही. धाकट्या जाऊबाईंची भिशी आता गुरुवारी असणार होती. पुढच्या गुरुवारचं कुणीच काही बोललं नाही. येतो, येते, असं म्हणत एकेकजण उतरला आणि जिन्यावरचे आवाज खाली जाऊन संपले.

सिस्टर पेले विसळून आल्या तेव्हा साहेब गेले नव्हते. नकाशा गुंडाळून बाजूला ठेवला होता आणि टेबलावर नवा, कोरा कागद चारी कोपऱ्यांना वजनं ठेवून पसरलेला होता.

"इथे बदली व्हायच्या आधी," त्यांनी विचारलं, "तुमचं घर कुठे होतं?"

सिस्टरनी ओले हात पदराला पुसले. "फार लांब. तिथलं आता कुणी नाही."

"रस्ता कसा होता? सरळ की वळणाचा?"

"वळणाचा. पण साहेब, त्याला दुसरा साक्षीदार कुठून आणणार?"

साहेबांनी फूटपट्टी उचलली, जरा पाहिली आणि बाजूला ठेवली. वळणाला तिचा उपयोग नव्हता. त्यांनी पेन्सिल घेतली आणि नुसत्या हाताने कागदाच्या खालच्या कडेपासून एक रेघ वर नेली, मग थोडी वाकवली.

"पुढच्या गुरुवारपर्यंत मला पाठ होईल," ते म्हणाले. "डाव्या हाताला पहिलं काय?"

सिस्टर खुर्चीत बसल्या. त्यांनी रेघेच्या वळणावर बोट ठेवलं.

"डाव्या हाताला विहीर," त्या म्हणाल्या. "तिचा रहाट वाजायचा."