माझ्याशेजारचं कात्रण

मित्रांनो, जरा मागे सरकून उभे राहा. दोन्ही हात दिसू द्या. हं, आता बोलू. राग मानू नका, सवयच तशी लागली आहे.

मी दाराच्या फळीत बसवलेला एक जुना डोळा आहे. पितळेची नळी आणि तिच्यात करंगळीच्या नखाएवढं फुगीर भिंग, एवढाच माझा पसारा. सुताराने भोक पाडून मला या तिसऱ्या मजल्यावरच्या दारात बसवलं, तेव्हापासून मी जिना पाहतो आहे. माझी एक जन्मजात खोड आधीच कबूल करतो. माझ्यातून माणसाचं नाक भोपळ्याएवढं दिसतं आणि पाय काडीएवढे.

घरातल्या मावशींना ही खोड ठाऊक होती. "आली बघ नाकाची वरात," म्हणून त्या हसायच्या आणि दार उघडायच्या. तीस वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात लोकांचे फोन जोडून दिले. त्यातच कान झिजले, असं त्या म्हणत. कानाचं यंत्र बिघडून पडलं होतं, म्हणून कानांचं कामही माझ्याच गळ्यात आलं होतं.

समोरच्या खोलीत एक माणूस एकटा राहायचा. येता-जाता आमच्या दाराशी थांबून "मा-मावशी, ब-बरं आहे ना?" असं विचारायचा. बोलताना तो अडखळायचा, आवाजही हळू. मला ऐकू यायचं. मावशींना नाही.

मग बाजारात स्फोट झाला. अकरा माणसं गेली. मावशी दोन दिवस जेवल्या नाहीत, ते दुःख खरं होतं. पण पेपर थांबेना. रोज पहिल्या पानावर तेच रक्त, तीच एक चप्पल, रोज थोडी मोठी. आठव्या दिवशी चौकट आली: 'असा माणूस तुमच्या शेजारी आहे का?' एकटा राहतो. कुणाशी बोलत नाही. घरी पार्सलं येतात. खोलीत वायरी असतात.

मावशींनी ती चौकट कात्रीने कापली आणि माझ्या शेजारी चिकटवली. मित्रांनो, तोवर मी दाखवेन ते त्या बघायच्या. त्या दिवसापासून त्या आधी वाचायच्या आणि मग बघायच्या.

"मावशी, यात माझे बाबाही बसतात," त्यांच्याकडे राहणारी भाची त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाली. "फक्त न बोलणं सोडलं तर."

"तू हस. हा समोरचा कधी तोंड उघडतो का, सांग. नुसते ओठ हलवतो. काहीतरी पुटपुटत असतो."

दुसऱ्या दिवशी, भाची कामावर गेल्यावर, मावशी कात्रण सोलून घेऊन चौकीत गेल्या. दुपारी शिपाई आले. समोरच्याला नेलं, त्याचा वायरींचा डबाही नेला.

सकाळी पहिल्या पानावर तीन रकाने होते: 'संशयित ताब्यात, शेजारच्या महिलेची सतर्कता.' मजल्यामजल्यावरून बायका आल्या. "हाच का तो डोळा," म्हणत प्रत्येकीने मला डोळा लावला. खोटं कशाला बोलू, मी फुगलो. आधीच फुगीर, त्यात आणखी.

भाची मात्र कपाळाला हात लावून बसली. बायका गेल्यावर मावशींच्या कानाशी ओरडली, "अगं, तो कानाची यंत्रं दुरुस्त करतो. त्या डब्यात तुझं यंत्र होतं. तू नाही म्हणशील म्हणून गुपचूप दिलं होतं मी."

मावशींनी पेपरची घडी घातली आणि म्हणाल्या, "पेपरवाले काय उगाच छापतात?"

पाच दिवसांनी नवव्या पानावर, गादीच्या जाहिरातीखाली, चार ओळी आल्या: 'चौकशीअंती सोडून दिले.' त्या ओळी कुणी कापल्या नाहीत. तो जिना चढून आला, तेव्हा सगळी दारं बंद होती. आमच्यासमोर थांबला. नाक भोपळ्याएवढं, हातात काहीतरी. मावशी आत श्वास रोखून उभ्या. त्याचे ओठ हलले, पण या वेळी मलाही काही ऐकू आलं नाही. आमच्या कडीला एक रुमालाची पुरचुंडी अडकवून तो आपल्या खोलीत गेला.

पुरचुंडीत मावशींचं यंत्र होतं. दुरुस्त केलेलं.

दोन दिवस ते तसंच टेबलावर पडून होतं. तिसऱ्या सकाळी मावशींनी ते कानात घातलं. पहिला आवाज आला तो घरघरीचा. बाहेर सुतार समोरच्या दाराला भोक पाडत होता.

आता तिथेही एक डोळा आहे. नवा, चकचकीत. संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली की मावशी कानातलं यंत्र नीट करून माझ्यामागे उभ्या राहतात. पावलं थांबत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या दारात माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला अधूनमधून फडक्याने पुसा. त्याच्याशेजारी काही चिकटवू नका. आणि त्याच्यातून बघून झालं की दार उघडा, कारण ते मला येत नाही.

कात्रण गेलं, डिंकाचा डाग राहिला. मी आणि तो नवा डोळा दिवसभर एकमेकांकडे बघत असतो. आमच्या दारामागे मावशींचा हात कडीवर आहे. त्या नव्या डोळ्यातून समोरच्याला आम्ही कसे दिसत असू, याचीच मला काळजी वाटते.