सात पिशव्या आंबेमोहोर

सामान बांधायला घेतलं की आपण केवढा पसारा जमवलाय ते माणसाला कळतं, आणि ते सामान आइंडहोवनहून पुणे जिल्ह्यात आणायचं असेल तर जरा जास्तच कळतं. शेफालीने त्यासाठी तीन याद्या केल्या होत्या: न्यायचं, द्यायचं, टाकायचं. गुरुवारी पॅकर्सची माणसं येणार होती. त्याआधी घरातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या यादीत बसलीच पाहिजे असा तिचा हट्ट होता. भोरच्या मास्तरांची लेक ती, तिच्या यादीतून टाचणीसुद्धा सुटायची नाही.

तिचा नवरा अमृत पंधरा दिवस आधीच पुढे आला होता. नसरापूरला फ्लॅट घेतला होता, मुलांच्या शाळेचं बघायचं होतं, आणि तोवर मुक्काम राजगडाजवळच्या पाली गावात वडिलांकडे. वडील म्हणजे गेनबा, घरातले आबा. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. सगुणाबाई, म्हणजे अमृतची आई, चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून आबा एकटेच. आपण परत येतोय ते आबांसाठी, असं अमृत सगळ्यांना सांगत होता. ते बरंचसं खरंही होतं.

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला शेफालीचा व्हिडिओ कॉल आला. आबा तरव्याकडे गेले होते, म्हणजे भाताची रोपं वाढवलेल्या वाफ्याकडे. अमृतने ओसरीवर मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवला आणि मांडी घालून बसला.

"वॉशिंग मशीन?" शेफालीने विचारलं.

"देऊन टाक. तिथलं इथं धड चालायचं नाही."

"बर्फातले बूट?"

"राजगडावर बर्फ पडायला लागला की बघू."

"विनोद नको करूस, चार जोड आहेत. कॉफीचं मशीन?"

"ते आण."

"बरोब्बर. मुलांचं काही आणायचं म्हटलं की जागा नाही, आणि तुझ्या कॉफीला आहे." एवढं बोलून ती मोबाईल हातात घेऊन जिना उतरायला लागली. "आता तळघर."

तळघरात डाव्या हाताला एक फळी होती, आणि त्या फळीबद्दल शेफालीला आधीच सांगून ठेवायचं, असं ठरवता ठरवता त्याने पंधरा दिवस घालवले होते.

गोष्ट अशी होती. घरामागच्या एका लहानशा भातखाचरात आबा आंबेमोहोर लावायचे. आता गावात आंबेमोहोर लावतं कोण? सगळे इंद्रायणीकडे वळलेत. आंबेमोहोर उंच वाढतो, वारा आला की लोळतो, आणि उरलंसुरलं रानडुकरं बघतात. खाचरातून कसाबसा दहा-बारा किलो तांदूळ हाती लागायचा. तो सगुणाबाई निवडायची, एरंडेल चोळायची, कापडी पिशवीत भरून तोंड शिवायची. डिसेंबरात अमृत आला की पिशवी त्याच्या बॅगेत. पहिल्या वर्षी तिकडे तो तांदूळ शिजला तेव्हा सगळ्या जिन्यात वास सुटला होता. अमृतने फोन करून सांगितलं, "आबा, पोरांना आता दुसरा तांदूळ चालत नाही." त्या दिवशी ते खरं होतं.

पुढे मुलं मोठी झाली. त्यांना मोकळा भात लागायला लागला, मग भातच नकोसा झाला. शेफालीची नोकरी सुरू झाली, आणि एरंडेल चोळलेला तांदूळ धूत बसायला वेळ होता कुणाला? पिशवी तळघरात गेली. पुढच्या वर्षीची तिच्याशेजारी. आबा फोनवर विचारायचे, "तांदूळ पुरतोय न्हवं?" अमृत म्हणायचा, "पुरतो की. दुसऱ्याला हात लावत नाहीत." बोलायला चार शब्द लागतात, आणि म्हातारा माणूस खूश होतो, एवढाच हिशेब त्याने केला होता. आबांचे गुडघे गेले, भोरच्या डॉक्टरांनी चिखलात पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं, बाकीची जमीन पड टाकली, तरी ते एक खाचर आबांनी सोडलं नाही. का सोडलं नाही, हे अमृतला पक्कं ठाऊक होतं. तरीही फोनवर तो तेच चार शब्द बोलत राहिला.

"आणि हे काय ठेवलंयस?" शेफालीचा आवाज आला. पडद्यावर फळी दिसत होती. "अमृत, आबांचा तांदूळ. एक, दोन... सात पिशव्या. अरे, शिवणसुद्धा उसवलेली नाही. एकीला तर भोकं पडलीयेत, आत किडे असणार. हे कुठल्या यादीत घालू? पॅकर्स तर धान्य घेतच नाहीत."

अमृत उत्तर देणार तोच मागे काठी वाजली. आबा मागच्या दाराने आत येऊन उभे होते. पायाला चिखल होता आणि नजर मोबाईलवर होती. अमृतने मोबाईल पालथा घातला, पण आता त्याचा काय उपयोग?

अमृतचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

मग आबांचा चेहरा हळूहळू उजळला. "जुना केलास व्हय?" ते म्हणाले. "आन मला बोलला न्हाईस. अरं, आमच्या लहानपनी मोठ्या घरातच जुना तांदूळ असायचा. सात वरसांचा जुना. लई शाना हाईस."

इथे खरं सांगायची वेळ होती. अमृत म्हणाला, "व्हय आबा."

संध्याकाळपर्यंत अर्ध्या पालीला ही बातमी कळली. शेजारची रतनबाई मुद्दाम ओट्यापाशी येऊन म्हणाली, "तुमच्या सुनंला पारख हाय हो. आमच्या पोरींना कुठली अक्कल." आबा हसले आणि ऐकत राहिले. अमृतला रतनबाईच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून तो आत जाऊन उगाच पाणी प्याला.

रात्री जेवताना आबांनी ताटात भात वाढला. तो रेशनचा होता, जाडाभरडा. आपण दर डिसेंबरात इथे येतो आणि दर वेळी हाच भात असतो, हे अमृतच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं. आता परतच यायचं म्हणून डिसेंबरात न नेलेली यंदाची आंबेमोहोराची पिशवी माळ्यावर होती. पोरं आल्यावर उसवायची म्हणून आबांनी ती स्वतःच्या हाताने, वाकड्यातिकड्या टाक्यांनी शिवून ठेवली होती.

"गावातल्या बंडूला नांगरायला टिलर घिऊन बोलावलाय," आबा घास घेता घेता म्हणाले. "खालचं खाचरबी लावतो आंबेमोहोरानं. आता चार मानसं खानारी हाईत. येका खाचरानं भागायचं न्हाई."

"आबा, गुडघ्यांचं काय?"

"गुडघं दुखतच ऱ्हात्यात. पोरांच्या तोंडची चव मोडू नये."

त्या एका "व्हय"ने म्हाताऱ्याला आणखी एका खाचरात उतरवलं होतं. अमृतने ताट बाजूला सारलं. इतकी वर्षं आपण आबांचं मन राखत होतो, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. राखली होती ती स्वतःची सोय. तुम्ही थांबा आबा, आम्ही खात नाही, एवढं म्हणायला कोण लाजलं होतं? तोच.

सकाळी आबा तरव्यात वाकून रोपं उपटत होते. एका हाताने गुडघा धरायचा, दुसऱ्याने उपटायचं. अमृत चप्पल काढून वाफ्यात उतरला आणि त्यांच्या शेजारी उभा राहिला. शब्द जुळवण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्याने सरळच सांगितलं.

"आबा, तांदूळ मी जुना करायला नव्हता ठेवला. आम्ही खाल्लाच नाही तो. सुरुवातीची दोन वर्षं खाल्ला. मग मुलांना नको झाला, आम्हाला सवड नव्हती, नुसता पडून राहिला. मी तुम्हाला फोनवर खोटं सांगत होतो. काल पण खोटंच बोललो. तुम्ही आता खाचरात उतरू नका."

सांगितलं की हलकं वाटेल, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आबांनी हातातली रोपं धुतली, जुडी बांधली, बांधावर ठेवली. रागावले असते तर अमृतला बरं वाटलं असतं.

"सातच्या सात?" आबांनी विचारलं.

"हो."

"तुज्या आयनं शेवटाला भरल्याली?"

"ती पण आहे. तशीच आहे."

आबा बांधावर टेकले. बोलायला लागले तेव्हा ते अमृतकडे बघत नव्हते, पलीकडच्या रिकाम्या खाचराकडे बघत होते.

"त्या साली तिला जेवान जात न्हवतं. तुला सांगितलं न्हाई आमी, तू घाबरशील म्हनून. येक दिस म्हनली, आवो, त्यातला मूठभर घ्या आन पेज करून द्या, त्या वासावर दोन घोट जातील. पिशवी शिवून झाली व्हती. तू दोन दिसांनी यायचा व्हतास. म्या म्हनलो, पोरांची हाय ती, आता उसवू नगं. तर व्हय म्हनली. रेशनचीच करून दिली तिला."

अमृतने आबांच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे केला, पण तो तिथवर पोहोचला नाही.

"पोरांना कमी पडंल, म्हनलो तिला," आबा म्हणाले. मग अगदी साध्या आवाजात, कुणी हिशेबातली चूक दाखवावी तसे म्हणाले, "म्हंजे म्या तिला उगाच न्हाई म्हनलो."