चोविसावा ठोका

त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. कोर्बिनियान पाठीला फावडे बांधून पुढे चालला होता आणि त्याच्या स्कीने पाडलेल्या वाटेवरून त्याची सून वाल्बुर्गा मागे येत होती. तिच्या पिशवीत काचेचा कंदील होता. हिंटरकारच्या उत्तर उताराच्या पायथ्याशी, जिथे तिचा नवरा कासियान बर्फाखाली सापडला, तिथे लाकडी क्रूस उभा होता. कंदील तिथे लावायचा होता आणि तिला तिथवर त्याच उतारावरून जायचे होते.

“बाबा, थांबायचं का? तुमचा गुडघा कुरकुरतोय, इथपर्यंत ऐकू येतंय.”

“त्याला बोलायची सवय आहे. तू उत्तर देऊ नकोस.”

कोर्बिनियानने सव्वीस हिवाळे रोपवेच्या नोकरीत बर्फाचे थर तपासले होते. त्यातून घरात एक रीत पडली होती. किती ठोक्यांनी बर्फाचा थर सरकतो, तो आकडा बापाने सकाळी फक्त सांगायचा. तो विसाच्या वर असला तर कासियान उतारावर जायचा, खाली असला तर घरी परतून पावाच्या गोळ्यांचे सूप प्यायचा.

माथ्याजवळच्या एका लहानशा, बिनधोक टप्प्यावर, उताराच्याच दिशेला तोंड करून त्याने खड्डा खणला. करवतीने फूटभर रुंदीचा बर्फाचा खांब मोकळा केला आणि त्यावर फावड्याचे पाते आडवे ठेवले. पहिले दहा ठोके मनगटातून. काही हलले नाही. मग कोपरातून अकरावा. वरचा घट्ट थर पाटीसारखा अलगद सरकला आणि त्याच्या मांडीवर आला. खाली साखरेसारखे सुटे कण होते. मुठीत धरू म्हटले तर ठरेनात.

“अकरा,” तो म्हणाला. “मागे फिरू.”

वाल्बुर्गाने वाकून, चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवलेल्या केसाळ पट्ट्या सोलून काढायला सुरुवात केली.

“गेल्या वर्षी चोवीस होते. इथेच. तुमच्या वहीतलं ते पान मला पाठ झालंय. चोवीस असताना तो गेला. मग अकरा काय नि तीस काय? वर्षभर मनाला तेच समजावतेय, बाबा. कुणाची चूक नव्हती, त्याचं नशीब होतं. आता तुमच्या आकड्यांचं मला कौतुक सांगू नका. मी जाते.”

तिने बुटाची कडी अडकवली. स्कीची टोके उताराकडे वळली.

“वाल्बुर्गा, चोवीस इथले नव्हते.”

ती थांबली.

“गुडघा सुजला होता. मी खाली खणलं, लार्चच्या झाडांपाशी. तीनशे मीटर खाली, आडोशाला. वारा तिथे बर्फ आणून दाबत नाही, तिथला आकडा वरच्या उताराला लागू पडत नाही. वहीत मात्र नेहमीच्याच जागेची उंची लिहिली. त्याला फोनवर आकडा तेवढा सांगितला.”

“कुठे खणलंत, विचारलं नाही त्यानं?”

“तो कधीच विचारत नसे.”

ती त्या फुटलेल्या खांबाकडे वळली.

“वर्षभर माझ्यासमोर बसून जेवलात,” ती म्हणाली. मग स्की वळवून, ज्या वाटेने ते चढले होते त्याच वाटेने ती एकटी उतरू लागली. ती उताराकडे गेली नाही, एवढे त्याने पाहिले.

त्याने खड्डा बुजवला, कडा पायाने दाबल्या. वही काढून आजची उंची लिहिली. मग मागची पाने उलटून गेल्या वर्षीची उंची खोडली आणि खरी लिहिली.

गुडघा सांभाळत, गेल्या वर्षी जिथे खणले होते त्या लार्चपर्यंत तो उतरला. वाल्बुर्गा दूर खाली, गावाच्या कुरणांपर्यंत पोचली होती. झाडांच्या कडेला, बर्फात रुतवलेला तिचा कंदील जळत होता. काचेचे दार उघडेच राहिले होते. वर कड्यावरून वारा बर्फाची भुकटी उडवत होता आणि इथे ज्योत जरासुद्धा हलत नव्हती.