सात वर्षांचा तांदूळ

"पुतळाबाई, गाडी सुटतेय! उठा आता!" हेडक्लार्क नंदकुमारांनी तिसऱ्यांदा हाक मारली. पुतळानं मान वर केली नाही. मणिकरणच्या कुंडाकाठी ती ठिय्या मारून बसली होती. मुठीतल्या दोरीचं दुसरं टोक उकळत्या पाण्यात होतं. त्याला बांधलेला चौकड्याचा रुमाल तिच्या नवऱ्याचा, सितारामचा, आणि रुमालात शेरभर तांदूळ.

बेलापूरच्या एका ऑफिसातले बावीस जण एलटीसी, म्हणजे सरकारी प्रवाससवलत, घेऊन हिमाचलला आले होते. पुतळा तिथली झाडूवाली. झाडूवालीलाही एलटीसी मिळते हे सत्त्याऐंशी साली पहिल्यांदाच साहेबांच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात आणून देणारी ती स्वतःच होती.

इथं चुलीशिवाय, झऱ्याच्या पाण्यातच भात शिजतो, म्हणून सगळ्यांनी हौसेनं पोटल्या सोडल्या होत्या. अरुणा मॅडमचा बासमती वीस मिनिटांत फुलला. पुतळाचा तासाभरानंतरही कच्चाच. लवकर शिजणार कसा? खारजमिनीतला जाड, लाल तांदूळ, त्यातून सात वर्षं कणगीत पडलेला.

"आमच्यातला घ्या ना थोडा," अरुणा म्हणाली. मनानं वाईट नव्हती ती, फक्त घाईत होती.

"नको. मना ह्योच शिजवाचा हाय."

सरकारनं जमीन घेऊन शेताभोवती कुंपण घातलं त्या साली सितारामनं शेवटचं पीक कापलं आणि त्यातलं पायलीभर भात राखून ठेवलं. कळंबोलीच्या एका सरदारजी ट्रकवाल्यानं त्याला सांगितलं होतं, मणिकरणला बुडालेलं वर येतं. पार्वतीचं पाण्यात पडलेलं रत्न वर आलं. गुरू नानकांच्या शिष्याच्या रोट्या बुडाल्या, आणि एक देवाच्या नावानं देईन म्हणताच तरंगल्या. "आपून जाव आनि ह्यो भात तिथं वाटू," सिताराम म्हणायचा. म्हणता म्हणताच गेला. त्याचा पुतळाला अजून राग येतो, आणि रडूही येतं.

"जमीन वर येणारे का तुमची?" नंदकुमार चिडून बोलून गेले.

आता मात्र तिनं वर पाहिलं. "नाय यायची, सायेब. मी येडी नाय. पन त्याचा भात कच्चा ठेवून मी उठनार नाय. तुमी जावा खुशाल. मी येईन माझी."

"एकट्या? इथून?"

"बेलापूरला रस्ते नव्हते तवापन मी चालतच होते."

कुंडालगतच्या गुरुद्वाऱ्यातल्या म्हाताऱ्या सेवादाराला भाषा कळली नसावी, पण भांडण कळलं. "बैठ माई," तो म्हणाला, "तेरा चावल पकने तक लंगर चलेगा." नंदकुमार पुटपुटत पायरीवर बसले. ड्रायव्हर चहा प्यायला निघून गेला.

आणखी दीड तासानं शीत बोटात दबलं. पुतळानं पोटली ओढली आणि सगळाच्या सगळा भात लंगरमध्ये देऊन टाकला. मग पदर सारखा करून ती पंगतीत बसली, अरुणा आणि नंदकुमारांच्या मधोमध. ऑफिसात तिचा चहाचा कपसुद्धा वेगळ्या खिळ्याला असायचा. सेवादारानं प्रत्येकाच्या थाळीत घास घास लाल भात वाढला.

"गोड आहे हो," अरुणा म्हणाली. "कुठला तांदूळ हा?"

"बेलापूरचा."

"बेलापूरला कुठे आलीय शेती?"

"आपल्या हापिसाखाली. तुमचं टेबल हाय ना म्याडम, तिथंच आमी भात झोडायचो."

अरुणाचा हात थाळीतच थांबला. नंदकुमारांनी थाळीला चिकटलेली शितं एकेक करून टिपून खाल्ली.

पुलापलीकडून हॉर्न वाजला. बाकीचे लगबगीनं निघाले. पुतळानं ओला रुमाल पिळला, सिताराम बांधायचा तसा डोक्याला घट्ट बांधला आणि आपल्या चालीनं पूल ओलांडू लागली. हॉर्न पुन्हा वाजला. तिनं चाल वाढवली नाही. ती चढेपर्यंत गाडी उभी होती.