दुसरीचा संकल्प

थोरलीने पेन्सिल इतकी दाबली की कागदाला भोक पडलं. तरी तिने वाक्य पुरं केलंच. ‘धाकट्या जावेला हा वर्ग मिळू नये.’ चिठ्ठीला घडी घालून तिने ती पत्र्याच्या डब्यात टाकली, तेव्हा कुठे तिला जरा बरं वाटलं.

वाचनालयाच्या माडीवर भरणाऱ्या या योगवर्गाची ही जुनी रीत होती. महिन्याच्या पहिल्या सकाळी प्रत्येकीने आपल्या सरावाचा संकल्प लिहायचा, नाव न घालता, आणि शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या न वाचता फाडून टाकायच्या. कंबर सुटावी, राग आवरावा, असलं काहीबाही बायका लिहीत. थोरली सहा वर्षं ‘मन शांत राहो’ लिहीत आली होती. शांत कसलं डोंबल! पाच महिन्यांपूर्वी धाकटी जाऊ वर्गात आली आणि थोरलीचा जळून कोळसा झाला.

पहिल्याच आठवड्यात त्या बयेचं कपाळ गुडघ्याला टेकलं. थोरलीचं सहा वर्षांत टेकलं नव्हतं. घरी सासूबाईंच्या तोंडी उठता बसता धाकटीचं कौतुक, ते एक वेळ सोसलं. पण ही खोली तर थोरलीची होती ना? किल्ली तिच्याकडे, केर तीच काढायची, बाई आजारी पडल्या तर वर्ग तीच घ्यायची. आता बाई कायमच्या लेकीकडे चालल्या होत्या. वर्ग कुणाकडे सोपवायचा, ते आज सांगणार होत्या.

“या वेळी फाडायच्या नाहीत,” बाई डबा हलवत म्हणाल्या. “जाता जाता एक नवी गंमत. प्रत्येकीने एक चिठ्ठी उचला. हाताला येईल तो संकल्प महिनाभर आपला मानून पाळायचा. मनापासून. आणि कुणाला सांगायचं नाही.”

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. डबा फिरत फिरत तिच्याकडे आला. तिला कुणाच्या तरी दुखऱ्या गुडघ्यांची चिठ्ठी मिळाली. पलीकडे धाकटीने आपली उलगडली. कागदाच्या भोकातून खिडकीचा उजेड दिसला.

धाकटीने वाचलं. पुन्हा वाचलं. घरातल्या प्रत्येक डब्यावर थोरलीच्याच हातची नावं होती. ते अक्षर रोज धाकटीच्या डोळ्यांखालून जायचं. तिने मान वर केली नाही. चिठ्ठी कमरेला खोचली आणि डोळे मिटून घेतले.

त्या तासात थोरलीचा एक श्वास धड झाला नाही.

शेवटी बाई म्हणाल्या, “धाकटे, पुढे ये बघू. वर्ग तू सांभाळ.”

टाळ्या झाल्या. थोरलीनेही वाजवल्या, तळहात चुरचुरले.

धाकटी उभी राहिली. तिला हा वर्ग किती हवा होता, हे थोरलीइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. गेले पंधरा दिवस कपडे वाळत घालताना ती ‘श्वास घ्या, हळूच सोडा’ असं भिंतीला शिकवत होती.

“मला नको, बाई.”

“अगं, परवा तर उड्या मारत हो म्हणालीस!”

“म्हणाले होते. आता नको. ताईंना द्या.”

“घरी कुणी काही बोललं का?”

“छे हो.”

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग थोरलीकडे वळून म्हणाल्या, “बरं. मग तू घे.”

बायका पांगल्या. थोरलीने दाराला कुलूप लावलं, तेव्हा धाकटी जिन्याच्या वरच्या पायरीवर तिच्यासाठी थांबली होती.

“अगं, ती चिठ्ठी...” थोरलीने हात पुढे केला. “दे ती इकडे. मी फाडून टाकते.”

“असं कसं, ताई?” धाकटी म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. “महिनाभर पाळायचीय. आज तर पहिलाच दिवस आहे.”